संवाहक व निरोधक पदार्थांतील इलेक्ट्रॉन-परिवलनाचे वहन

प्रास्ताविक

विद्युत् प्रवाह म्हणजे विद्युत् प्रभाराचे वहन, ही व्याख्या सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु प्रभार हा इलेक्ट्रॉनाचा एकमेव गुणधर्म नव्हे. अणूंच्या वर्णपटांतील काही कोडी उलगडण्यासाठी ऊलेनबेक व गौडस्मिट यांनी 1925 मध्ये असे सुचविले की, इलेक्ट्रॉनास स्वतःचा असा कोनीय संवेग असतो. यालाच परिवलन अथवा स्पिन असे म्हणतात. कोणत्याही एका दिशेने मोजले असता त्याचा घटक प्लांक स्थिरांकास 2π ने भागून येणाऱ्या राशीच्या निम्मा, धन किंवा ऋण, एवढाच मिळतो. या कोनीय संवेगाबरोबर चुंबकीय परिबलही येते, आणि म्हणून प्रत्येक इलेक्ट्रॉन हा एक अतिसूक्ष्म चुंबक ठरतो.

तांब्याच्या साध्या तारेतून प्रवाह वाहतो तेव्हा ऊर्ध्व परिवलनाचे व अधो परिवलनाचे इलेक्ट्रॉन समसमान संख्येने वाहतात. त्यामुळे प्रभार वाहिला जातो. परंतु निव्वळ कोनीय संवेग मात्र वाहिला जात नाही. यावरून तीन प्रश्न उद्भवतात. परिवलनाचे निव्वळ वहन घडवून आणता येईल काय? येत असल्यास ते किती अंतरापर्यंत टिकेल? आणि प्रभाराचे वहन मुळीच न होऊ देता केवळ परिवलनाचे वहन करणे शक्य आहे काय? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे गेल्या चार दशकांतील प्रयोगांनी दिली आहेत. त्यांतील सर्वांत लक्षणीय उत्तर असे की, ज्या पदार्थातून एकही इलेक्ट्रॉन वाहू शकत नाही अशा निरोधकातूनही परिवलनाचे वहन होते, आणि कित्येकदा ते तांब्यातील वहनापेक्षा दूरवर पोहोचते. प्रथमदर्शनी विरोधाभासात्मक वाटणाऱ्या या निष्कर्षाची उपपत्ती स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रारंभीच एक भेद लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. प्रभार ही पूर्णतः अक्षय्य राशी आहे; तारेच्या एका टोकाला शिरलेला प्रभार दुसऱ्या टोकाला बाहेर पडलाच पाहिजे. परिवलनाचे तसे नाही. इलेक्ट्रॉनाचे परिवलन वाटेत उलटू शकते, आणि त्याचा कोनीय संवेग स्फटिकाच्या जालकात मुरून जातो. परिवलनाचा प्रवाह हा गळक्या पन्हळीतून वाहणाऱ्या पाण्यासारखा असतो. पुढील सर्व विवेचन या एका भेदातून निष्पन्न होते.

प्रवाहाचे दोन मार्ग

लोह, कोबाल्ट व निकेल या लोहचुंबकीय धातूंत दोन्ही परिवलनांच्या इलेक्ट्रॉनांची स्थिती सारखी नसते. चुंबकनाच्या दिशेशी जुळणारे परिवलन असलेल्या इलेक्ट्रॉनांचे ऊर्जापट्ट इतरांच्या तुलनेत सरकलेले असतात. त्यामुळे फेर्मी पातळीपाशी उपलब्ध असलेल्या स्थितींची संख्या दोन्ही प्रकारांसाठी भिन्न होते आणि पर्यायाने त्यांना होणारा रोधही भिन्न होतो. मॉट यांनी 1936 मध्ये या गोष्टीचा उपयोग करून असे प्रतिपादन केले की, नीच तापमानास अशा धातूतील प्रवाह हा परस्परांस समांतर जोडलेल्या दोन स्वतंत्र मार्गांतील प्रवाहांची बेरीज मानावा. फर्ट व कॅम्पबेल यांनी 1968 पासून निकेल व लोह यांत निरनिराळ्या अशुद्धी मिसळून केलेल्या रोधमापनांनी या कल्पनेस बळकट आधार मिळाला.

या साध्या कल्पनेचे सामर्थ्य एका उदाहरणाने स्पष्ट होईल. दोन लोहचुंबकीय थर आहेत व त्यांच्यामध्ये अचुंबकीय धातूचा अत्यंत पातळ थर आहे असे समजू. थराच्या चुंबकनाशी जुळणाऱ्या परिवलनास प्रत्येक चुंबकीय थरात 1 एकक रोध होतो व विरुद्ध परिवलनास 5 एकके रोध होतो असे मानू. दोन्ही थरांचे चुंबकन एकाच दिशेस असेल तर एका मार्गाचा रोध 1 + 1 म्हणजे 2, तर दुसऱ्याचा 5 + 5 म्हणजे 10 एकके होतो. हे दोन मार्ग समांतर असल्याने एकूण रोध सुमारे 1.67 एकके भरतो. चुंबकने परस्परविरुद्ध असतील तर दोन्ही मार्गांचा रोध 1 + 5 म्हणजे 6 एकके होऊन एकूण रोध 3 एकके होतो. म्हणजे केवळ एका थराचे चुंबकन फिरविल्याने रोध सुमारे 44 टक्क्यांनी घटतो.

हाच तो महाकाय चुंबकरोध होय. फर्ट यांच्या गटाने 1988 मध्ये लोह व क्रोमियम यांच्या एकाआड एक रचलेल्या थरांत 4.2 केल्व्हिन तापमानास व सुमारे 2 टेस्ला क्षेत्रात रोध जवळजवळ निम्म्यावर आल्याचे दाखविले. त्याच सुमारास ग्रुनबर्ग यांनीही स्वतंत्रपणे हा परिणाम शोधून काढला. या दोघांना 2007 चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. मधला थर धातूचा नसून निरोधकाचा असेल, तर इलेक्ट्रॉन बोगदा परिणामाने तो ओलांडतात. जुलियर यांनी 1975 मध्ये नीच तापमानास या रचनेत चुंबकनावर अवलंबून राहणारा रोध पाहिला होता. 1995 मध्ये मुडेरा व मियाझाकी यांच्या गटांनी ॲल्युमिनियम ऑक्साइडाच्या थरासह तो सामान्य तापमानास मिळविला आणि 2004 मध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडाच्या स्फटिकमय थरामुळे त्याचे प्रमाण 200 टक्क्यांच्या आसपास गेले. संगणकाच्या चकतीवरील नोंद वाचणारी शीर्षे व चुंबकीय स्मृतिकोश यांचा पाया हाच आहे. तथापि या सर्व योजनांत परिवलन हे प्रभाराच्या पाठीवर बसूनच प्रवास करते.

परिवलनाचे आयुष्य व त्याचा पल्ला

चुंबकीय धातूतून अचुंबकीय धातूत प्रवाह सोडला असता सीमापृष्ठापाशी एका प्रकारच्या परिवलनाचे आधिक्य निर्माण होते. हे आधिक्य हळूहळू पसरते व पसरता पसरता नष्ट होते. पसरण्याचा वेग विसरण गुणांकावर, तर नष्ट होण्याचा वेग परिवलनाच्या शिथिलीकरण कालावर अवलंबून असतो. या दोहोंच्या गुणाकाराचे वर्गमूळ म्हणजे परिवलनाची विसरण लांबी होय. एवढ्या अंतरावर आधिक्य मूळच्या सुमारे 37 टक्क्यांवर येते. त्यापुढे ते घातांकी नियमाने वेगाने घटत जाते.

अचुंबकीय धातूत परिवलन उलटविण्याचे कार्य मुख्यतः परिवलन-कक्षा युग्मन करते. स्फटिकातून धावणाऱ्या इलेक्ट्रॉनास अणुकेंद्रांचे विद्युत् क्षेत्र अंशतः चुंबकीय क्षेत्राप्रमाणे भासते. त्यामुळे इलेक्ट्रॉनाची स्थिती निव्वळ ऊर्ध्व किंवा निव्वळ अधो राहत नाही. तीत विरुद्ध परिवलनाचा अल्प अंश मिसळतो, आणि प्रत्येक टक्करीच्या वेळी परिवलन उलटण्याची थोडीशी संभाव्यता निर्माण होते. एलियट यांनी 1954 मध्ये मांडलेल्या व याफेट यांनी विस्तारलेल्या या उपपत्तीनुसार, युग्मन जितके दुर्बल तितके परिवलन दीर्घायुषी असते. ज्या स्फटिकांत व्युत्क्रम सममिती नसते, उदाहरणार्थ गॅलियम आर्सेनाइडात, तेथे ड्याकोनोव्ह व पेरेल यांनी दाखविलेली निराळी यंत्रणा प्रभावी ठरते. तीत दोन टक्करींच्या दरम्यान परिवलन एका अंतर्गत क्षेत्राभोवती फिरत राहते. म्हणून तेथे टक्करी वाढल्या असता परिवलनाचे आयुष्य, अपेक्षेच्या उलट, वाढते.

अशा आधिक्याचे पहिले विद्युत् मापन जॉन्सन व सिल्सबी यांनी 1985 मध्ये ॲल्युमिनियमात केले. 2001 मध्ये ग्रोनिंगन विद्यापीठात येडेमा, फिलिप व व्हान वेस यांनी तांब्याच्या सूक्ष्म पट्टीवर हाच प्रयोग सामान्य तापमानास यशस्वी केला. त्यांच्या मांडणीत एका चुंबकीय पट्टीतून तांब्यात सोडलेला प्रवाह डावीकडे काढून घेतला होता. उजवीकडील भागात प्रभाराचा प्रवाह शून्य होता. तरीही उजवीकडे काही अंतरावर असलेल्या दुसऱ्या चुंबकीय पट्टीवर विद्युत् दाब आढळला, आणि त्या पट्टीचे चुंबकन उलटविताच दाबही बदलला. प्रभार एका दिशेने गेला; परिवलन मात्र दोन्ही दिशांनी पसरले. तांब्यातील विसरण लांबी 4.2 केल्व्हिन तापमानास सुमारे 1 मायक्रोमीटर व सामान्य तापमानास सुमारे 350 नॅनोमीटर भरली. तांब्यातील इलेक्ट्रॉनाचा माध्य मुक्त पथ सामान्य तापमानास सुमारे 40 नॅनोमीटर आहे हे ध्यानात घेऊन हिशेब केल्यास असे दिसते की, परिवलन गमावण्यापूर्वी इलेक्ट्रॉन शेकडो टक्करी सोसतो. गतीची दिशा तो पहिल्याच टक्करीत विसरतो; परिवलनाची दिशा मात्र दीर्घकाळ जपतो.

अर्धसंवाहकांत मात्र एक वेगळीच अडचण आली. चुंबकीय धातूचा रोध अर्धसंवाहकाच्या मानाने नगण्य असतो. दोन्ही मार्गांतील प्रवाह मग अर्धसंवाहकाच्या मोठ्या व समान रोधानेच ठरतो, आणि धातूतील असमानतेचा ठसा पुसला जातो. श्मिट व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 मध्ये ही अडचण स्पष्ट केली. त्याच वर्षी रश्बा यांनी सीमापृष्ठावर पातळ निरोधक थर घालून, म्हणजे रोधाची असमानता सीमेवरच आणून, ती दूर करण्याचा मार्ग दाखविला.

प्रभाराविना परिवलन-प्रवाह

चुंबकाच्या साहाय्याविनाही परिवलन-प्रवाह निर्माण करता येतो. प्लॅटिनमसारख्या जड धातूत परिवलन-कक्षा युग्मन प्रबळ असते. अशा पट्टीतून प्रवाह वाहू लागला की, ऊर्ध्व परिवलनाचे इलेक्ट्रॉन एका बाजूस व अधो परिवलनाचे विरुद्ध बाजूस किंचित वळतात. परिणामी प्रवाहास लंब अशा दिशेने केवळ परिवलनाचा प्रवाह वाहतो. त्या दिशेने प्रभाराचे निव्वळ वहन होत नाही. यास परिवलन-हॉल परिणाम म्हणतात. त्याचे भाकीत ड्याकोनोव्ह व पेरेल यांनी 1971 मध्येच केले होते. परंतु तो प्रत्यक्ष दिसण्यास 2004 साल उजाडावे लागले. त्या वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील शाखेत गॅलियम आर्सेनाइडाच्या कडांवर साचलेले परिवलन प्रकाशाच्या ध्रुवणावरून ओळखण्यात आले. याच्या उलट परिणामही घडतो. प्लॅटिनमात बाहेरून परिवलन-प्रवाह शिरला असता त्यास लंब दिशेने विद्युत् दाब उत्पन्न होतो. साइतोह व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये हा व्यस्त परिणाम मोजला. अशा रीतीने प्लॅटिनमाची एक साधी पट्टी परिवलनाचा उगमही बनली व मापकही बनली.

निरोधकातील वहन

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. यिट्रियम-लोह गार्नेट हा 1956-57 मध्ये अभ्यासिला गेलेला फेरीचुंबकीय निरोधक आहे. त्याच्या प्रत्येक रासायनिक सूत्रात लोहाचे पाच आयन असतात; तिघांचे परिबल एका दिशेस व दोघांचे विरुद्ध दिशेस असल्याने एका आयनाएवढे निव्वळ परिबल शिल्लक राहते. सुमारे 560 केल्व्हिन तापमानापर्यंत हा क्रम टिकतो. त्याच्या ऊर्जापट्टांतील अंतर सुमारे 2.8 इलेक्ट्रॉन-व्होल्ट असल्याने सामान्य तापमानास त्यात मुक्त इलेक्ट्रॉन जवळजवळ नसतात. मग परिवलन वाहते ते कशातून?

याचे उत्तर ब्लॉख यांनी 1930 मध्ये मांडलेल्या परिवलन-तरंगांच्या कल्पनेत आहे. लोह-आयनांची परिबले विनिमय-प्रेरणेने परस्परांशी जखडलेली असतात. एकाचे परिबल किंचित कलले की, शेजारचेही कलते, आणि हा कल तरंगरूपाने पुढे सरकतो. पुंजयामिकीनुसार या तरंगाची ऊर्जा पुंजांच्या रूपात असते. अशा एका पुंजास मॅग्नॉन म्हणतात, आणि प्रत्येक मॅग्नॉनाबरोबर इलेक्ट्रॉनाचे परिवलन उलटण्याएवढा, म्हणजे अर्ध्या एककाच्या दुप्पट, कोनीय संवेग वाहिला जातो. शेतात वाऱ्याने पिकावर लाट उठते तेव्हा ताटे जागची हलत नाहीत. लाट मात्र बांधापर्यंत पोहोचते. येथेही इलेक्ट्रॉन आपापल्या आयनापाशीच राहतात. वाहतो तो केवळ कोनीय संवेग.

धातूतील परिवलन गार्नेटात शिरते कसे, हे आता समजणे कठीण नाही. प्लॅटिनमाच्या पट्टीतून प्रवाह सोडला की, परिवलन-हॉल परिणामामुळे तिच्या खालच्या पृष्ठापाशी एका परिवलनाचे इलेक्ट्रॉन साचतात. सीमेवरील एखाद्या इलेक्ट्रॉनाची गार्नेटातील लोह-आयनाशी आंतरक्रिया होऊन त्याचे परिवलन उलटते; कोनीय संवेगाच्या अक्षय्यतेमुळे गार्नेटात एक मॅग्नॉन उत्पन्न होतो, अथवा साचलेले परिवलन विरुद्ध असल्यास एक मॅग्नॉन नष्ट होतो. उत्पन्न झालेले मॅग्नॉन विसरणाने दुसऱ्या प्लॅटिनम पट्टीपर्यंत पोहोचतात. तेथे हीच क्रिया उलट दिशेने घडते आणि व्यस्त परिवलन-हॉल परिणामामुळे विद्युत् दाब मिळतो.

काजिवारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 मध्ये परस्परांपासून 1 मिलिमीटर अंतरावरील दोन प्लॅटिनम पट्ट्यांमध्ये गार्नेटातून विद्युत् संकेत पाठविला. त्यांच्या प्रयोगात प्रवाहाने परिवलन-तरंगांचे सुसंगत आंदोलन उत्तेजित केले होते. ग्रोनिंगन येथे कॉर्नेलिसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 मध्ये, कोणत्याही सुसंगत आंदोलनाविना, उष्णतेने नित्य अस्तित्वात असणाऱ्या मॅग्नॉनांच्या विसरणानेच हे वहन सामान्य तापमानास घडते असे दाखविले. 40 मायक्रोमीटर अंतरापर्यंत संकेत मोजता आला, आणि मॅग्नॉनांची शिथिलीकरण लांबी सुमारे 9.4 मायक्रोमीटर भरली. येडेमा यांच्या तांब्यातील आकड्याच्या ती पंचवीस पटींहून अधिक आहे.

येथे एक गोष्ट विशेष विचारार्ह आहे. लांबीच्या मानाने पट्ट्या जवळ असताना संकेत अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटतो व दूर असताना घातांकी नियमाने घटतो. धातूतील इलेक्ट्रॉनांच्या परिवलनास लागू पडणारे विसरण-समीकरणच मॅग्नॉनांनाही लागू पडते. वस्तुतः इलेक्ट्रॉन फेर्मी-डिरॅक सांख्यिकी पाळतात, तर मॅग्नॉन बोस-आइन्स्टाइन सांख्यिकी पाळतात. इलेक्ट्रॉनांची संख्या अक्षय्य असते, मॅग्नॉनांची नसते. तरीही मॅग्नॉन परस्परांशी समतोल साधण्यास लागणारा काल त्यांच्या आयुष्याच्या मानाने अल्प असेल, तर त्यांनाही एक रासायनिक वर्चस् बहाल करता येते, आणि त्याचा उतार हेच वहनाचे कारण ठरते. वाहक भिन्न, परंतु वाहिली जाणारी राशी व तिच्या गळतीचा नियम एकच.

प्रतिलोहचुंबकीय निरोधकांत निव्वळ चुंबकन शून्य किंवा अत्यल्प असते. तरीसुद्धा 2018 मध्ये हेमॅटाइट या लोह-ऑक्साइडाच्या स्फटिकात सुमारे 200 केल्व्हिन तापमानास परिवलनाचे वहन कित्येक दशक मायक्रोमीटर, 80 मायक्रोमीटरपर्यंत, झाल्याचे लेब्रन व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले. वहनास निव्वळ चुंबकनाची नव्हे, तर परिबलांच्या सुव्यवस्थेची गरज असते, हे यावरून सिद्ध होते.

पुराव्याचा प्रश्न

या क्षेत्रातील बहुतेक प्रयोगांत अखेरीस हाती येतो तो एक सूक्ष्म विद्युत् दाब. तो परिवलनामुळेच आला, असे कशावरून म्हणावे? हा प्रश्न गौण नाही. कारण उष्णता, विद्युत् गळती व सामान्य हॉल परिणाम यांच्यामुळेही तेवढाच दाब उत्पन्न होऊ शकतो.

अचुंबकीय धातूत यासाठी हॅन्ले परिणामाचा आधार घेतला जातो. परिवलनास लंब चुंबकीय क्षेत्र लावल्यास परिवलन त्याभोवती परांचन करते. 1 टेस्ला क्षेत्रात सेकंदास सुमारे 2800 कोटी फेऱ्या होतात. प्रवासात परिवलन अर्धी फेरी फिरले तर संकेताचे चिन्ह उलटते. निरनिराळ्या इलेक्ट्रॉनांचा प्रवासकाल निरनिराळा असल्याने क्षेत्र वाढविताच संकेत विरून जातो. परिवलनाखेरीज अन्य कोणतेही कारण असे वर्तन सहजी दाखवीत नाही. गार्नेटाच्या प्रयोगात चुंबकनाची दिशा फिरविली जाते. चुंबकन पट्टीस लंब असताना संकेत महत्तम असतो व पट्टीच्या लांबीच्या दिशेने असताना शून्य होतो. परिवलन शिरताना व बाहेर पडताना कोनाचा कोज्या एकेकदा येत असल्याने विद्युत् मार्गाने घातलेल्या मॅग्नॉनांचा संकेत कोज्येच्या वर्गानुसार बदलतो आणि प्रवाहाच्या सम प्रमाणात असतो. प्रवाहाच्या उष्णतेमुळे उत्पन्न झालेल्या मॅग्नॉनांचा संकेत मात्र साध्या कोज्येनुसार व प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. अशा रीतीने दोन्ही संकेत एकाच प्रयोगात वेगळे करता येतात.

अशी काळजी अपुरी पडल्यास काय होते, याचेही उदाहरण आहे. उचिदा व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 मध्ये लोह-निकेल मिश्रधातूच्या पटलात तापमानातील फरकामुळे कित्येक मिलिमीटर अंतरापर्यंत परिवलनाचा संकेत मिळतो असे मांडले. पुढे 2011 पासूनच्या प्रयोगांत दिसून आले की, पटल ज्या आधारावर असते त्यातून उष्णता पटलास लंब दिशेनेही वाहते आणि त्यामुळे धातूतील नेर्न्स्ट परिणाम त्या दाबात मिसळतो. निरोधक चुंबकात मुक्त इलेक्ट्रॉन नसल्याने ही अडचण बव्हंशी टळते. परंतु चुंबकाशी संलग्न प्लॅटिनम स्वतःच किंचित चुंबकीय होत असेल, तर ती पुन्हा उभी राहते. म्हणून प्लॅटिनमाऐवजी सहज चुंबकीय न होणारे सोने वापरून उष्णताजन्य संकेत पडताळून पाहण्यात आला, व तो टिकून राहिला. मूळ शोधाइतकेच महत्त्व अशा पडताळ्यास आहे.

उपसंहार

निरोधकातील वहनात प्रभार हलत नाही; म्हणून वहनमार्गात जूल उष्णताही उत्पन्न होत नाही. संगणन-यंत्रांतील उष्णतेचा प्रश्न पाहता ही गोष्ट आकर्षक आहे. परंतु मॅग्नॉन घालण्यासाठी प्लॅटिनमात प्रवाह सोडावाच लागतो व तेथे उष्णता होतेच. शिवाय प्रत्येक सीमापृष्ठावर परिवलनाचा मोठा अंश गमावला जातो आणि मिळणारा दाब अत्यल्प असतो. गळती मार्गात कमी झाली, तरी ती प्रवेशद्वारी व निर्गमद्वारी उरलीच आहे. आज संशोधनाचा भर या द्वारांवर आहे, तो यामुळेच.

तात्त्विक बाजूनेही एक प्रश्न शिल्लक राहतो. परिवलन-कक्षा युग्मन प्रबळ असेल तेथे परिवलन अक्षय्य नसल्याने परिवलन-प्रवाहाची एकमेव व निःसंदिग्ध व्याख्या करता येत नाही. आणि नेमक्या त्याच युग्मनावर परिवलनाचा उगम व मापक दोन्ही उभे आहेत. जो गुणधर्म परिवलन निर्माण करतो तोच त्याचा नाशही करतो. प्लॅटिनमात ते उपजते व काही नॅनोमीटरांत मावळते. गार्नेटात ते उपजत नाही, परंतु शिरल्यावर दूरवर जाते. म्हणूनच हे दोन पदार्थ एकत्र आणावे लागतात. संवाहक व निरोधक ही विभागणी प्रभाराच्या वहनावरून केलेली आहे. परिवलनाचे उत्तम संवाहक कोणते, हे त्या जुन्या विभागणीवरून ठरत नाही; ते जालकाकडे होणारी कोनीय संवेगाची गळती मोजूनच ठरवावे लागते.